बाहेर पडलेली डिस्क

आमच्या घरात संशय वडिलोपार्जित आहे. बाबा एसटीत तिकीट तपासनीस होते, मिरजेला, आणि सगळी नोकरी त्यांनी समोरचा माणूस बिनतिकीट आहे असं धरूनच बसमध्ये पाय ठेवला. घरीही सुटका नव्हती. पेरू घेतले की पिशवीच्या तळाचा पेरू आधी काढून बघायचे. आईने भात झाला म्हटलं तरी शीत दाबून बघितल्याशिवाय पाटावर बसायचे नाहीत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर बघतो. हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी पाठ केलं असेन.

पुढे मी सर्व्हर सांभाळायच्या धंद्यात पडले आणि हा गुण माझ्या कामी आला. नवऱ्याची बदली पंजाबच्या बाजूला, चंडीमंदिरच्या छावणीत झाली तेव्हा मी जवळच्या आयटी पार्कमधल्या एका लहानशा कंपनीत लागले. आम्ही सगळे मिळून नऊ जण. पंजाबातल्या गावांच्या शेतजमिनींचे जुने नकाशे असतात, कापडावर काढलेले, इकडे त्यांना लठ्ठा म्हणतात. ते स्कॅन करायचे आणि त्यांच्यावरची बांधांची एकेक रेघ कॉम्प्युटरवर गिरवायची, हे कंपनीचं काम. गिरवणारे सहा होते. त्यांच्या फायली सांभाळणं माझ्याकडे.

त्यासाठी कोपऱ्यातल्या खोलीत एक लिनक्सचा सर्व्हर होता, माझ्या हाताने उभा केलेला. त्यात फायलींसाठी दोन सारख्या डिस्क होत्या. जे लिहायचं ते दोन्हींवर एकदमच लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर सगळं शिल्लक. आम्ही याला मिरर म्हणतो. ही जोडी जुळवून ठेवायला महागडं कार्ड वगैरे लागत नाही, लिनक्स स्वतःच ते बघतं. माणसांवर मी कधी ठेवला नाही इतका विश्वास त्या जोडीवर ठेवला होता. इतका, की बॅकअपची बाहेरची डिस्क मालकांनी दुसऱ्या कामाला मागितली तेव्हा मी देऊन टाकली. मिरर आहे की, म्हटलं. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. मलाही कळत होतं.

माणसांसाठी मात्र मी भिंतीवर नोटीस लावली होती. आपापल्या मशीनवर काहीही ठेवायचं नाही, प्रत्येक फाइल थेट सर्व्हरवर. कारण सुरक्षेचं लिहिलं होतं. खरं कारण असं की मोहालीत आमच्यासारखंच काम करणारी एक कंपनी होती, आणि कोणीतरी एक दिवस आमचे नकाशे पेनड्राइव्हमध्ये घालून तिकडे जाईल याची मला खात्री होती. कोण जाईल एवढंच ठरायचं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या इमारतीची वीज दिवसभर बंद होती. दुरुस्तीचं पत्रक आधीच आलं होतं. यूपीएस तासाभरात संपला, सर्व्हर बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप चालू झाला. सोमवारी सकाळी मी गेले तर सगळं नेहमीसारखं. गिरवणाऱ्यांपैकी दोघं-तिघं सर्व्हर आज विचित्र वागतोय म्हणून कुरकुरले आणि कामाला लागले. ते रोजच कुरकुरतात. मग आमच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

हे पूर्वी सरकारी कचेरीत आरेखक होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे लागले. रोज रोपडहून बसने सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर उतरायचे, तिथून आणखी एक बस. साठी उलटलेली, पांढरी पगडी, खिशाला दोन पेनं. कापडावरचा नकाशा वाचण्यात त्यांच्या जवळपासही कोणी जाऊ शकत नव्हतं. कॉम्प्युटर मात्र ते दोन बोटांनी चालवायचे आणि प्रत्येक क्लिकआधी क्षणभर थांबायचे. त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की त्यांचा नव्या कामाचा फोल्डर रिकामा आहे. जानेवारीच्या मध्यापासून त्यांनी जेवढी गावं केली, त्यातलं एकही दिसत नाही.

मी जाऊन बघितलं. फोल्डर खरंच रिकामा होता.

इथे माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. आधी मी विजेवर संशय घेतला. मग डिस्क विकणाऱ्यावर, कारण त्याने जुन्या डिस्कला नवं लेबल लावून दिलं असेल असं मला घेतल्या दिवसापासून वाटत होतं. मग खोली झाडणाऱ्या बाईंवर. मी मिररची स्थिती बघितली. दोनपैकी एक डिस्क बाहेर पडलेली, एक चालू. हे तर अपेक्षितच होतं. वीज अशी जाते-येते तेव्हा एखादी डिस्क उठायला उशीर करते आणि जोडीतून बाहेर राहते. चालू असलेली डिस्क तपासली, निरोगी. मिररचा अर्थच असा की एकीवर जे आहे तेच दुसरीवर. तेव्हा या डिस्कवर फायली नाहीत म्हणजे फायली नाहीतच. पाच जणांचं काम जागच्या जागी आणि एकाचंच गायब? वीज अशी माणूस बघून काम पुसत नाही.

मग उरला माणूस.

मी त्यांना विचारलं, त्यांच्या मशीनवर कॉपी आहे का. ते म्हणाले, "आपने ही तो मना किया था, मैडम जी." उत्तर फार लगेच आलं, असं मला वाटलं. त्यांच्या मशीनवर नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी होती, तिच्यात गावांची नावं ओळीने दिसत होती. मी म्हटलं, नावं काय, कोणीही तयार करील. ते दुपारी गॅलरीत जाऊन पंजाबीत हळू आवाजात फोनवर बोलतात हे मला आठवलं. डबा एकटेच खातात हेही. मी समोर बसून प्रश्न विचारत होते तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मालकांनी मला एकच विचारलं होतं. काम झालंच नव्हतं की झालेलं काम कोणी काढून नेलं, ते शुक्रवारच्या आत सांगा. शुक्रवारी नकाशे सोपवायचे होते. मंगळवारभर मी शोधलं. फायली पुसल्याची खूण कुठेच नव्हती. बुधवारी सकाळी मी लेखी अहवाल दिला, चार ओळींचा. सर्व्हर सुस्थितीत आहे. सदर फायली सर्व्हरवर कधी होत्या याचा पुरावा नाही. एकही शब्द खोटा नव्हता, याचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं.

मालकांनी त्यांना आत बोलावलं. दार लावलं होतं, पण काचेतून दिसत होतं. मालक बोलत होते, ते उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी दोन्ही पेनं खिशाला नीट लावली, डब्याची पिशवी घेतली आणि कोणाशी न बोलता गेले. नंतर कळलं की उद्यापासून येऊ नका असं सांगितलं, आणि दोन महिने खोटं काम दाखवलंत असंही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधाची रेघ केसभर इकडेतिकडे होऊ दिली नसेल, त्याला हे ऐकावं लागलं. त्या क्षणी मात्र मला हायसं वाटलं. प्रकरण मिटलं होतं.

दुपारी मी मिररची डागडुजी करायला घेतली. बाहेर पडलेली डिस्क तिच्या खणातून काढली, फुंकर मारली, पुन्हा आत सरकवली. हिरवा दिवा लागला. आता फक्त एक कमांड द्यायची होती. या डिस्कला जोडीत घे. मग चालू डिस्कवरचं सगळं हिच्यावर उतरतं, हिच्यावरचं आधीचं पुसलं जातं आणि दोघी पुन्हा सारख्या होतात. कमांड मी पूर्ण टाइप केली. एंटर दाबायचं राहिलं होतं, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

बाबा रोज जेवण झालं की फोन करतात, विषय काही नसतो. त्या दिवशी माझ्याकडे विषय होता. मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. खिडकीबाहेर बघणं तर खास सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल.

बाबांनी विचारलं, "तक्ता कुठला होता तुझ्याकडं?"

मला कळेना. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एक कंडक्टर पकडला होता. त्याची तिकिटं टप्प्यांच्या भाड्याच्या तक्त्याशी जुळत नव्हती. कंडक्टर सांगत होता की तक्ता बदललाय. बाबांनी त्याला गप्प केलं आणि तिथल्या तिथे मेमो दिला. आठ दिवसांनी स्वतःची पिशवी झाडताना तळाशी नवा तक्ता सापडला, घडीही न मोडलेला. ज्याच्याशी जुळवून बघितलं तो जुना होता.

"मी त्याचं तिकीट तपासलं," बाबा म्हणाले, "माझा तक्ता नाही तपासला. तू काय तपासलंस?"

मी विचारलं, त्या कंडक्टरचं पुढे काय झालं. बाबा म्हणाले, मेमो मागे घेतला, पण तो परत कधी बोलला नाही. मग पाणी आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी स्क्रीनकडे बघत बसले. कमांड तशीच होती. मी ती एकेक अक्षर मागे येत खोडली. मग जे सोमवारी करायला हवं होतं ते केलं. दोन्ही डिस्कना वेगवेगळं विचारलं, तू कोण आहेस आणि तुला काय माहीत आहे.

प्रत्येक डिस्क आपल्या सुरुवातीला जोडीची थोडी माहिती लिहून ठेवते. तिच्यात एक आकडा असतो. जोडीत काही घडलं की तो वाढतो. दोघी एकत्र नांदत असतील तर दोघींचा आकडा सारखाच. रविवारी बाहेर पडलेली डिस्क मागे पडायला हवी होती, तीन दिवसांनी. तिचा आकडा चालू डिस्कच्या दुपटीहून मोठा निघाला. जिला मी बाहेर पडलेली समजत होते तिला जास्त माहीत होतं. आणि तिने आपल्यापुरतं लिहून ठेवलं होतं की जोडीदार हजर नाही, मी एकटी आहे.

उरलेला पुरावा कुठे असेल हे मला आता ठाऊक होतं. जोडी तुटली की सर्व्हर मला मेल पाठवतो. पण हा सर्व्हर रोज कशा ना कशाबद्दल मेल पाठवायचा, म्हणून मी कधीतरी त्याचे सगळे मेल एका वेगळ्या कप्प्यात आपोआप जातील असं करून ठेवलं होतं. तो कप्पा मी उघडला. जानेवारीच्या मध्यावर, धुक्याच्या दिवसांत, पहिला मेल. जोडीतली एक डिस्क बाहेर गेली. मग दुसऱ्या दिवशी तोच. मग रोज. दोन महिने एक यंत्र रोज मला सांगत होतं, आणि जगावर संशय घेणाऱ्या बाईने नेमकं त्याचंच तोंड बांधून ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

झालं होतं ते साधं होतं. जानेवारीत पहिली डिस्क बाहेर पडली, केबल सैल असणार. दोन महिने सगळं काम एकट्या दुसरीवर झालं. रविवारी वीज जाऊन आली तेव्हा उलट झालं. आजारी डिस्क उठून बसली आणि काम करणारीने उठायला उशीर केला. लिनक्सने थोडी वाट बघितली आणि जी समोर होती तिच्यावर कारभार सुरू केला. सोमवारपासून आम्ही सगळे जानेवारीत काम करत होतो.

मग बाकीच्या पाच जणांचं कसं गेलं नाही? त्यांना जाऊन विचारलं तेव्हा आधी चुळबुळ झाली आणि मग कबुली आली. पाचही जण माझी नोटीस धाब्यावर बसवून आपापल्या मशीनवर कॉपी ठेवत होते. सोमवारी सकाळी सर्व्हरवर जुनं दिसलं तर त्यांनी मुकाट्याने आपली कॉपी पुन्हा चढवली. बोलले असते तर नियम मोडल्याचं उघडं पडलं असतं. नियम पाळणारा एकच होता, आणि काम गेलं ते त्याचं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी दिली ती माझ्याच हाताने.

खरी डिस्क मी वेगळी जोडली, फक्त वाचता येईल अशी, तिच्यावर एक अक्षरही उमटू नये म्हणून. फोल्डर उघडला. गावं ओळीने उभी होती. एक फाइल उघडली. बारीक बारीक शेतं, प्रत्येक बांध नीट मिळवलेला, विहिरींच्या खुणासुद्धा. मी एंटर दाबलं असतं तर हे सगळं त्या कोऱ्या जानेवारीखाली गेलं असतं, आणि तो माणूस जन्मभर खोटारडा राहिला असता. मी रडले. खोलीत पंख्यांचा आवाज असतो, बाहेर ऐकू जात नाही.

त्यांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, त्यांनी कापला. माझं नाव दिसत असणार. त्यांची नेहमीची बस पाचची असते हे मला माहीत होतं, आणि वेळेआधी घरी जाऊन ते काय सांगणार? मी स्कूटर काढली आणि त्रेचाळीसला गेले. आयटी पार्क शहराच्या एका टोकाला आणि हे दुसऱ्या, आणि त्या दिवशी प्रत्येक चौकातला सिग्नल मलाच बघून लाल होत होता.

रोपडच्या बस लागतात तिथल्या बाकावर ते बसले होते, डब्याची पिशवी मांडीवर. मला बघून उठले. इतकं होऊनही उठले. मी धापा टाकत सांगितलं की चूक माझी होती, सर्व्हर जुना जानेवारी दाखवत होता, तुमचं सगळं काम सापडलं, चौसष्टच्या चौसष्ट गावं.

ते म्हणाले, "पैंसठ. आख़िरी शनिवार को किया था."

आणि खोटं कशाला बोलू, त्या बाकासमोर उभी असताना, माफी मागत असताना, माझ्या मनात आलं की हा एक वाढवून सांगतोय. क्षणभरच आलं, पण आलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवीचे बंद सारखे केले. बस आली. उद्या या, असं मी म्हटलं, मालकांशी मी बोलते म्हटलं. ते बघतो म्हणाले आणि चढले.

मी परत जाऊन मोजलं. पासष्ट होती. एका गावाच्या मधून ओढा जात होता, म्हणून त्याचे दोन भाग त्यांनी वेगळ्या कप्प्यात व्यवस्थित ठेवले होते, आणि तो कप्पा मी मोजलाच नव्हता.

त्या संध्याकाळी मी मालकांना दुसरा अहवाल दिला. यात मात्र काही लपवलं नाही, नोटीस, मेल, बॅकअप, सगळं. वाटलं होतं ओरडतील. ते हसले, म्हणाले, चलो, मिल गया ना. मला कोणी एक शब्द बोललं नाही आणि त्याचाच त्रास झाला. मग इतरांनी सोमवारपासून केलेलं नवं काम आधी वेगळं काढून ठेवलं, जानेवारीवाली डिस्क स्वच्छ पुसली आणि खऱ्या डिस्कवरून तिच्यावर सगळं उतरवलं. या खेपेला कुठून कुठे जातंय ते तीनदा वाचलं. डिस्कवर त्यांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवले. सर्व्हरचे मेल आता फोनवर येतात आणि मी ते वाचते. भिंतीवरची नोटीस काढून टाकली.

मालकांनी स्वतः फोन केला म्हणून ते सोमवारी परत आले. पूर्वीसारखेच वेळेवर, पूर्वीसारखेच नम्र. फक्त खिशात एक नवी वही होती, लहान, लाल पुठ्ठ्याची. त्या दिवशी चारच्या सुमाराला ते माझ्या दाराशी आले, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मैडम जी, आज दो गाँव किए हैं. आप देख लीजिए, और यहाँ दस्तख़त कर दीजिए."

मी फोल्डर उघडला, दोन मोजली, तारीख घातली, सही केली. त्यांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आता उन्हाळा संपत आला तरी रोज येतात. इतका साधा माणूस, दोन महिन्यांचं काम एका बाईच्या नोटिशीवर टाकून निर्धास्त घरी जाणारा. फायली मी त्यांना परत दिल्या, ते निर्धास्तपण काही कुठल्या डिस्कवर सापडलं नाही. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, सही करत जा, कटकट करू नको.

मी करते. ते वही उचलतात, चष्मा वर सरकवतात आणि आजची सही कालच्या सहीशी जुळवून बघतात. त्यांचं बघून होईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसते.